रेखाटनाची वही आणि वाढता मेंदू

दहावीचे वर्ष आले की चित्रकलेची वही बाजूला पडते आणि तिचा वेळ शिकवणीला जातो, हा प्रघात कलापूर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापुरातही रूढ झाला असून मेंदूच्या वाढीच्या दृष्टीने तो हितावह नाही.

समोरची वस्तू पाहून मूल रेखाटन करते तेव्हा डोक्याच्या मागील बाजूस असलेला पश्चखंड आकार आणि रंग ओळखतो, त्याच्या पुढचा पार्श्वखंड अंतर व प्रमाण यांचा अंदाज घेतो, अनुमस्तिष्क म्हणजे लहान मेंदू हाताची हालचाल अचूक करतो, आणि कपाळामागील अग्रखंड लक्ष टिकवून चूक दुरुस्त करवितो. या अग्रखंडाची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहत असल्याने शालेय वयातील असा सराव मोलाचा ठरतो. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहमान (मृत्यू १९३१) यांनी रंकाळा आणि कोटितीर्थ या तलावांची जी निसर्गचित्रे केली, त्यांमागे अशीच दीर्घकाळ निरखून पाहण्याची साधना होती. मेंदू चेतापेशींचा, म्हणजे संदेश वाहणाऱ्या स्वतंत्र पेशींचा, बनलेला आहे हे दाखवून देणारे स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांना लहानपणी चित्रकार व्हायचे होते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशी त्यांनी हाताने रेखाटल्या आणि १९०६ च्या नोबेल पारितोषिकाचे ते सहमानकरी झाले.

रेखाटनाचा अभ्यासाशी असलेला संबंध कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या २०१६ मधील प्रयोगांत स्पष्ट झाला. विद्यार्थ्यांनी जे शब्द पुन्हा पुन्हा लिहिले त्यांपेक्षा ज्यांची चित्रे काढली ते शब्द त्यांच्या अधिक लक्षात राहिले, आणि चित्र सुबक असण्याची गरज पडली नाही. म्हणून हृदयाची किंवा फुलाच्या भागांची आकृती पुस्तकातून गिरवण्याऐवजी पुस्तक मिटून आठवणीने काढावी, मग मूळ आकृतीशी ताडून पाहावी. मात्र कलेचा उजवा मेंदू आणि गणिताचा डावा, अशी विभागणी सांगून महागडे वर्ग चालवणाऱ्यांवर पालकांनी विसंबू नये, कारण दोन्ही कामांत मेंदूचे दोन्ही अर्धगोल भाग घेतात.

एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा उपयुक्त आहेत, तथापि ठरावीक नमुने घोटून मिळवलेल्या श्रेणीत निरीक्षणाचा वाटा फारच थोडा उरतो. त्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीन वेळा अर्धा तास पंचगंगेचा घाट, अंगणातील झाड किंवा स्वयंपाकघरातील तांब्या समोर ठेवून, खोडरबराविना, गुणांची अपेक्षा न बाळगता काढलेले चित्र अधिक काम करते. मूल कागद डोळ्यांच्या फार जवळ धरत असेल, चित्र काढताना डोके दुखते असे सांगत असेल किंवा हात लवकर थकत असेल, तर त्याला कलेची आवड नाही असा निष्कर्ष काढण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टी आणि बालरोगतज्ज्ञाकडून हाताच्या हालचाली तपासून घ्याव्यात.