पाण्यातली म्हैस, लाल जॅकेटातला कुत्रा

माझे आजोबा कराडच्या बाजारात म्हैस घ्यायला जायचे, तेव्हा व्यापाऱ्याच्या बोलण्याकडे त्यांचं लक्षच नसायचं. दात बघायचे, सड चाचपायचे, चार पावलं चालवून घ्यायचे आणि म्हणायचे, ‘‘सांजच्याला येतो, माझ्यासमोर पिळ.’’ दुसऱ्या दिवशी सकाळची धारही समोर काढून झाल्याशिवाय त्यांच्या कमरेचा कसा सुटत नसे. ‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ हा सौदा त्यांच्या लेखी खुळ्याचा. त्यांची नात मी. संगणकाचं शिकले, न्यू जर्सीत अठरा वर्षं नोकरी केली आणि चौदा हजार डॉलर मोजून पाण्यातली म्हैस घेतली. फक्त ती म्हैस नव्हती, कुत्रा होता.

मुलगा सात वर्षांचा असताना त्याला टाइप १ मधुमेह निघाला. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना रात्र म्हणजे काय ते सांगायला नको. साखर ७०च्या खाली गेली की धोका सुरू. झोपेत ती ४५वर आली आणि कुणाला कळलंच नाही, तर मूल बेशुद्ध पडू शकतं, आकडी येऊ शकते. दंडावर सेन्सर होता. पण पोरगं त्याच कुशीवर झोपलं की तो दबायचा आणि भलताच आकडा दाखवायचा. म्हणून रात्री दोनला मी, पाचला नवरा, असे उठून आम्ही बोटाला टोचत होतो. दोन वर्षं सलग झोप म्हणून नाही.

अशात कुणीतरी सांगितलं, साखर उतरल्याचं वासावरून ओळखणारे कुत्रे असतात. ही भाकडकथा नाही. साखर उतरते तेव्हा श्वासाचा आणि घामाचा वास बदलतो, आणि नीट शिकवलेले काही कुत्रे तो ओळखून पंजा मारून उठवतात. एका विक्रेत्याच्या जाहिरातीत झोपलेल्या मुलाच्या उशाशी बसलेला लॅब्राडोर होता. खाली लिहिलं होतं: ‘पूर्ण प्रशिक्षित, अधिकृत नोंदणीसह’. अर्धे पैसे आधी, अर्धे हप्त्यांनी. करार अकरा पानांचा होता. तो मी वाचला. पण भ्यालेला माणूस वाचतो तसा, म्हणजे हवं तेवढंच.

कुत्रा आला तो पाच महिन्यांचा. अंगात लाल जॅकेट, त्यावर बिल्ले, गळ्यात फोटो आणि नंबर असलेलं कार्ड, सोबत सोनेरी काठाचं प्रमाणपत्र. सासूबाई तेव्हा इकडे आल्या होत्या. त्याला न्याहाळून म्हणाल्या, ‘‘एवढा थाट तर आमच्या तहसीलदाराचाही नसतो.’’ त्याचं इंग्रजी नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून तो मोती झाला.

प्रशिक्षक तीन दिवस आला. डबीतून साखर उतरलेली असतानाच्या लाळेचा कापूस काढायचा, मोती त्याच्या गुडघ्यावर पंजा मारायचा, त्याला खाऊ मिळायचा. आम्ही टाळ्या वाजवल्या. खाऊ त्याच हातात असायचा, हे आमच्या लक्षात आलं नाही. पाच महिन्यांचं पिल्लू ‘पूर्ण प्रशिक्षित’ कसं असेल, हा प्रश्नही पडला नाही.

तो पडला एडिसनच्या ओक ट्री रोडवर, एका डोशाच्या हॉटेलात. दारात मॅनेजर पुढे आला तसं मी मोतीच्या गळ्यातलं कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं. तो शांतपणे म्हणाला, ‘‘कार्ड राहू द्या, मॅडम. मला दोनच गोष्टी विचारायची मुभा आहे. अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का? आणि त्याला कोणतं काम शिकवलंय?’’ पहिल्याला मी ‘हो’ म्हटलं. दुसऱ्याचं उत्तर देताना अडखळले. ‘‘शुगर लो झाली की सांगतो,’’ म्हटलं खरं, पण त्याच आठवड्यात मुलाची साखर ५२ असताना मोती पायपुसण्यावर घोरत पडला होता. आम्ही आत बसलो. शेजारच्या टेबलावरचा वडा खाली पडला आणि मोती भुंकत, पट्टा ताणत तिकडे धावला. मला आवरेना. मॅनेजरने आम्हाला बाहेर काढलं. तेव्हा मला तो अन्याय वाटला. घरी येऊन नियम वाचले आणि कळलं, त्याचं अक्षरन् अक्षर बरोबर होतं.

अपंगांच्या हक्कांचा अमेरिकेतला कायदा १९९० चा. मार्च २०११ पासून लागू असलेल्या त्याच्या नियमांत सर्व्हिस अॅनिमल म्हणजे कुत्राच (छोट्या जातीच्या घोड्यांसाठी वेगळी तरतूद आहे), आणि तोही त्या व्यक्तीच्या अपंगत्वाशी निगडित असं ठरावीक काम शिकलेला. अंधाला वाट दाखवणं, बहिऱ्याला आवाजाची जाणीव देणं, पडलेली वस्तू उचलून देणं, फिट येताना राखण करणं, ही कामं. नुसतं जवळ असण्याने धीर येणं हे या कायद्याच्या लेखी काम नाही. काम आणि वागणूक या दोन गोष्टींवर सगळं उभं आहे. बिल्ला, जॅकेट, कार्ड यांपैकी काहीही लागत नाही. सरकारी नोंदणी असा प्रकारच नाही. पैसे घेऊन प्रमाणपत्र पाठवणाऱ्यांच्या कागदाला कायद्यात किंमत शून्य. दुकानदार कागद मागू शकत नाही, आजाराचा तपशील विचारू शकत नाही, ‘करून दाखवा’ म्हणू शकत नाही. पण कुत्रा अनावर झाला आणि मालक त्याला आवरत नसेल, किंवा कुत्रा आत घाण करत असेल, तर तो कुत्र्याला बाहेर काढू शकतो. माणसाला मात्र कुत्र्याशिवाय आत राहू दिलं पाहिजे.

म्हणजे जे कायद्याला नको होतं ते सगळं मी विकत घेतलं होतं, आणि जे हवं होतं तेच त्यात नव्हतं.

तरीही माझे डोळे पूर्ण उघडले नव्हते. ते उघडले मेट्रोपार्क स्टेशनच्या फलाटावर. एक अंध गृहस्थ काळ्या लॅब्राडोरच्या हार्नेसचा दांडा धरून उभे होते. मोतीने झेप घेतली, मी ओढत राहिले. त्यांचा कुत्रा जागचा हलला नाही, पण अंग चोरून थरथरू लागला. ते गृहस्थ रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘लाल जॅकेट आहे का त्याच्या अंगात? असणारच. एखादा असा हल्ला जोरात झाला, तर माझा कुत्रा दुसऱ्या कुत्र्यांना कायमचा घाबरू लागेल. मग त्याला निवृत्त करावं लागतं, आणि मी घरात बसतो.’’ मी माफी मागितली. त्यांनी गाडी येईपर्यंत माझी चौकशी केली आणि स्वतःच्या कुत्र्याविषयी सांगितलं.

तो आमच्या घरापासून तासाभरावर असलेल्या मॉरिसटाउनच्या ‘द सीइंग आय’चा होता. ही संस्था १९२९ ची. तिथली पिल्लं आधी वर्षभराहून अधिक काळ स्वयंसेवक कुटुंबांत वाढतात. मग प्रशिक्षकाकडे काही महिने काढतात. त्यानंतर अंध माणूस स्वतः तिथे जाऊन राहतो आणि दोघं मिळून शिकतात. यात जमलं नाही ते कुत्रे गाळले जातात. एवढं सगळं होऊन पहिल्या कुत्र्यासाठी अंध व्यक्तीने द्यायचे किती, तर १५० डॉलर. बाकीचा खर्च देणग्यांतून. मी चौदा हजारांचे हप्ते फेडत होते.

त्या रात्री मी आजोबांची पद्धत काढली. वही घेतली, दोन रकाने आखले. सहा आठवड्यांत मुलाची साखर ३१ वेळा ७०च्या खाली गेली. मोतीने सांगितलं चार वेळा. साखर अगदी ठीक असताना पंजा मारून खाऊ उकळला नव्वद वेळा. हिशोब समोर ठेवून पैसे परत मागितले, तर करारातलं नववं पान पुढे आलं: ‘परिणाम कुटुंबाच्या सरावावर अवलंबून’. हे आमच्याच नशिबी होतं असं नाही. २०१८ मध्ये व्हर्जिनिया राज्याच्या अॅटर्नी जनरलने साखर ओळखणारे म्हणून अर्धवट शिकलेली पिल्लं विकल्याबद्दल एका विक्रेत्यावर दावा लावला. तिथे एकेका पिल्लाची किंमत १८ ते २७ हजार डॉलर होती. भ्यालेले आईबाप हे चांगलं गिऱ्हाईक असतं.

आता ओळखीपाळखीतून फोन येतात, ‘‘आमच्याकडेही घ्यायचाय, काय करू?’’ त्यांना जे सांगते ते इथे मांडते.

आधी गरज कागदावर लिहा: कोणत्या वेळी, कोणतं एक काम कुत्र्याने करायला हवं? ते लिहिता येत नसेल तर तुम्हाला घरात पाळायला कुत्रा हवा आहे, आणि तो कितीतरी स्वस्तात मिळतो. डॉक्टरांशी बोला. मधुमेहात कुत्रा हा सेन्सरच्या जोडीला असतो, सेन्सरच्या जागी नाही. चांगला कुत्राही चुकतो, दमतो, झोपतो.

मग संस्था शोधा. ‘असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनल’ ही अशा संस्था तपासून त्यांना मान्यता देणारी संघटना आहे. तिच्या यादीपासून सुरुवात करा. चांगल्या संस्थांकडे बऱ्याचदा मोठी प्रतीक्षायादी असते. जो महिनाभरात आणून देतो, त्याच्यापासून दोन हात लांब. काही संस्था कुत्रा विनामूल्य देतात, काही थोडे पैसे घेतात. कुत्रा स्वतः शिकवायचीही कायद्याने परवानगी आहे, पण ते दीड-दोन वर्षांचं रोजचं काम आहे. शिकत असलेल्या कुत्र्याला दुकानात न्यायचा हक्क केंद्राचा कायदा देत नाही, तिथे राज्याराज्याचे नियम वेगळे.

कुत्रा पूर्ण वाढलेला असावा. तो तुमच्या घरात, तुमच्या माणसावर, खाऊची पिशवी न दाखवता काम करताना बघा. प्रशिक्षकाकडून त्याच्या सरावाची वही मागा: किती वेळा ओळखलं, किती वेळा चुकला. न जमल्यास कुत्रा परत आणि पैसे परत, हे करारात स्पष्ट असू द्या, आणि करार आपल्या घरातल्या न भ्यालेल्या माणसाला वाचायला द्या.

जागोजागचे नियमही वेगळे आहेत. हॉटेलात राहताना सर्व्हिस डॉगसाठी पाळीव प्राण्याचं शुल्क लावता येत नाही. भाड्याच्या घराला वेगळा कायदा आहे आणि तो अधिक मोकळा: तिथे धीर देणारा प्राणीही बसू शकतो, पण गरज उघड दिसत नसेल तर घरमालक त्याबद्दल खात्रीलायक कागद मागू शकतो. सरकारी शाळेला कुत्रा नाकारणं सोपं नाही. मात्र त्याला फिरवणं, सांभाळणं ही शिक्षकांची जबाबदारी नाही. नऊ वर्षांचं मूल ते करू शकेल का, हे आपणच बघायचं. देऊळ, चर्च, मशीद यांना अपंगांच्या हक्कांचा केंद्राचा कायदा लागू नाही. मंदिरात न्यायचं असेल तर विश्वस्तांना आधी विचारा. हक्काची भाषा तिथे चालत नाही.

विमानाचे नियम जानेवारी २०२१ पासून बदलले. धीर देणारे प्राणी विमान कंपन्यांनी साधे पाळीव मानले तरी चालतं. सर्व्हिस डॉगसाठी परिवहन खात्याचा फॉर्म मागता येतो. आठ तासांच्या किंवा त्याहून मोठ्या उड्डाणाला, म्हणजे मुंबईच्या प्रवासाला, कुत्रा मलमूत्राचं कसं आवरेल त्याचा आणखी एक. त्यात खोटं लिहिणं हा केंद्रीय गुन्हा आहे. भारतात कुत्रा नेताना प्राणी संगरोध विभागाचं ना-हरकत पत्र लागतं. आणि परतीची तयारी निघण्याआधीच करा. रेबीजच्या दृष्टीने भारत अमेरिकेच्या धोक्याच्या यादीत आहे, म्हणून ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोचिप, किमान सहा महिने वय आणि अमेरिकेत दिलेल्या लसीचा सरकारी शिक्क्याचा दाखला नसेल तर कुत्रा तिकडेच अडकू शकतो. अमेरिकेतल्या दुकानात मिळणारा हक्क पुण्याच्या हॉटेलात दाखवता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. भारतात विमानात मार्गदर्शक कुत्र्याला केबिनमध्ये नेण्याची तरतूद नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत आहे. कंपनीला तिकीट काढतानाच कळवावं.

आणि आपल्या लाडक्या पाळीव कुत्र्याला जॅकेट चढवून मॉलमध्ये नेणाऱ्यांना हात जोडून सांगते, तसं करू नका. बऱ्याच राज्यांत तो गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात हजार डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाचं सोडा. फलाटावर अंग चोरून थरथरणारा तो काळा कुत्रा मी विसरलेले नाही.

मोती आमच्याकडेच आहे. त्याचा यात काय दोष? जॅकेट गराजमध्ये खिळ्याला आहे. मुलाचा सेन्सर आता नवा आहे आणि बराच भरवशाचा. रात्री तो वाजला की मी उठते, मोतीही उठतो आणि माझ्यामागे फ्रिजपर्यंत येतो, कारण ज्यूसच्या शेजारी चीज असतं हे मात्र तो पक्कं शिकला आहे.

तुम्हाला खरोखर गरज असेल तर कुत्रा जरूर घ्या. चांगला कुत्रा माणसाला घराबाहेर काढतो, हे मी फलाटावर पाहिलं आहे. फक्त कसा सोडण्याआधी दोन्ही वेळची धार समोर काढून घ्या.