विषाणूंच्या भाऊबंदकींत जिंकतें कोण?

इ. स. २०२१ चा एप्रिल महिना नाशिककर सहसा विसरणार नाहींत. प्राणवायूची एक टाकी मिळावी म्हणून माणसें रात्रीबेरात्रीं वणवण हिंडत होतीं, आणि कित्येक घरांतील वडीलधारीं माणसें इस्पितळांतून परत आलीं नाहींत. त्या लाटेच्या मागें कोरोना विषाणूचें जें रूप होतें, त्यास जागतिक आरोग्य संघटनेनें ३१ मे २०२१ रोजीं ‘डेल्टा’ हें नांव दिलें. परंतु आरंभीं तें एकटें नव्हतें. त्याचें भावंड ‘कप्पा’ व इंग्लंडांत प्रथम आढळलेलें ‘अल्फा’ हींही त्या वर्षाच्या प्रारंभीं आपल्या देशांत वावरत होतीं. मग डेल्टाच वरचढ कां ठरलें?

प्रथम हीं रूपें उपजतात कशीं तें पाहूं. एकाच्या वहीवरून दुसऱ्यानें, दुसऱ्याच्या वहीवरून तिसऱ्यानें धडा उतरविला, तर कोठें तरी एखादें अक्षर चुकतें, आणि पुढील सर्व वह्यांत ती चूक उतरते. विषाणु शरीरांत शिरून स्वतःच्या प्रती काढतो, तेव्हां असेंच घडतें. बहुतेक चुका त्याच्या उपयोगाच्या नसतात. क्वचित् एखादी त्याचा प्रसार सुलभ करते.

आतां थोडें गणित करा. जुन्या रूपाचे १०० रोगी असून प्रत्येकापासून दोघांस लागण होते. नव्याचा एकच रोगी, पण त्याजपासून तिघांस. (आंकडे केवळ उदाहरणादाखल.) दहाव्या फेरीस जुन्याचे रोगी १,०२,४०० व नव्याचे ५९,०४९ होतात, बाराव्या फेरीस मात्र जुन्याचे ४,०९,६०० तर नव्याचे ५,३१,४४१! शिवाय एका रूपाच्या आजारांतून बरा झालेला मनुष्य कांहीं काळ दुसऱ्यासही बहुधा दाद देत नाहीं. म्हणजे हीं रूपें एकमेकांशीं लढत नाहींत. तीं त्याच त्या दारांकडे धांवतात, आणि जें आधीं पोहोंचतें तें इतरांस दार बंद करतें.

दुसराही एक मार्ग आहे. ४ डिसेंबर २०२१ रोजीं महाराष्ट्रांतील ‘ओमिक्रॉन’चा पहिला रोगी डोंबिवलीस आढळला. हें डेल्टाचें अपत्य नव्हे; निराळ्याच शाखेचें. लसीनें व पूर्वीच्या आजारानें बंद केलेलीं दारेंही त्यास पुष्कळ अंशीं उघडीं सांपडलीं, आणि थोड्याच आठवड्यांत डेल्टा मागें पडलें.

यावरून ‘जिंकलेलें रूप अधिक घातक असतें’ आणि ‘विषाणु कालांतरानें सौम्यच होतो’, हे दोन्ही समज चुकीचे ठरतात. निवड होते ती प्रसाराच्या शक्तीची. डेल्टा पसरण्यांत पुढें होतें व घातकही होतें. ओमिक्रॉन पसरण्यांत त्याहून पुढें, पण सामान्यतः त्याहून सौम्य.

प्रत्येक टळलेली लागण म्हणजे न उतरविलेली एक वही, टळलेली एक संभाव्य चूक. म्हणून वेळेवर लस घ्यावी, खोकतांना तोंड झांकावें, आजारांत घरीं राहावें. पालकांसही विनंति कीं, हजेरीचें बक्षीस हुकेल या भीतीनें तापलेल्या मुलास शाळेंत धाडूं नये. त्या दिवशींची गैरहजेरी हीच त्याची शेजारधर्माची खरी परीक्षा होय.