परक्या घरची लेक होताना

प्रश्न : माझी १६ वर्षांची लेक विद्यार्थी अदलाबदल योजनेतून वर्षभर इटलीतल्या एका कुटुंबात राहणार आहे. सोबत काय द्यावं? तिथे तिने कसं वागावं? – एक आई, पूर्णगड

उत्तर : ताई, हापूसची पेटी बांधू नका. ताजा आंबा प्रमाणपत्राशिवाय युरोपीय संघात नेता येत नाही. तूप, पेढेही नाहीत. नारळ चालतो. सीलबंद आंबापोळी द्या. पोहोचल्यावर ८ कामकाजी दिवसांत निवास-परवान्याचा अर्ज करायचाच. तो पोस्टात भरतात.

सकाळी दूध-बिस्किटं एवढाच नाश्ता दिसला तर ती बिचकेल. तिथली रीतच ती. खरं जेवण रात्री आठच्या सुमारास, सगळे एकत्र. तेव्हा ताट घेऊन खोलीत जाऊ नये. भाषा त्या टेबलावरच येते. मासा मिळेल, पण भाजलेला, वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. ‘मसाला कुठाय?’ म्हणून तोंड वाकडं नको. एखाद्या रविवारी तिनेच नारळाच्या रसातली आमटी आणि भात करून वाढावा. घरच्यांना ‘तू’, शिक्षकांना ‘लेई’, म्हणजे आपलं अहो-जाहो. काही खुपलं तर आधी घरच्यांशी, मग संस्थेच्या स्थानिक प्रतिनिधीशी बोलावं. मनात कुढत बसू नये.

तुमच्याकडे रात्रीचे ९ म्हणजे तिथे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेचार. आठवड्यातून एकदा तेव्हा बोला. पहिले दोन महिने तरी रोज फोन करू नका.