टॉर्चमधला लिथियम सेल : निवड आणि काळजी

आपल्याकडे गावात ‘बॅटरी’ म्हणजे टॉर्च. ‘बॅटरी घेतली का?’ हा प्रश्न असतो रात्री वावरात निघालेल्या माणसाला. शिंदखेडा तालुक्यात रब्बीच्या दिवसांत शेतीपंपाची लाइट बऱ्याचदा रात्रपाळीला येते. मग गव्हाला, हरभऱ्याला पाणी भरायला थंडीत, अंधारात, बांधाबांधाने जावे लागते. पायाखाली साप असू शकतो, विंचू असू शकतो. तिथे टॉर्च मध्येच विझली तर तो जिवाचा प्रश्न होतो. इकडे होस्टेलमध्ये तसाच सेल आपण उशाशी चार्जिंगला लावून खुशाल झोपतो. तोही जिवाचाच प्रश्न आहे. दोन्हींचे उत्तर एकच : हा सेल आतून कसा चालतो ते समजून घेणे.

पूर्वी टॉर्चमध्ये १.५ व्होल्टचे दोन-तीन कोरडे सेल असत. नंतर ४ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी असलेल्या चार्जिंगच्या टॉर्च आल्या. आता बहुतेक चांगल्या टॉर्चमध्ये १८६५० नावाचा लिथियम-आयन सेल असतो. हा आकडा म्हणजे सेलचे माप आहे : व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचे शून्य म्हणजे आकार गोल नळीसारखा. लिथियम-आयन सेल बाजारात प्रथम सोनी कंपनीने १९९१ साली आणला. ज्यांच्या संशोधनावर तो उभा आहे त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

दोन रेषा आणि एक शत्रू

शिसे-आम्लाची बॅटरी थोडी जास्त चार्ज झाली तरी बरेच सहन करते. लिथियम सेल सहन करत नाही. त्याला दोन रेषा आहेत. वरची रेषा ४.२ व्होल्ट. ती ओलांडली की ऋण टोकावर लिथियम धातू साचू लागतो. खालची रेषा साधारण २.५ व्होल्ट. बराच काळ तिच्याखाली राहिलेल्या सेलमध्ये आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. असा सेल पुन्हा चार्ज केला की ते तांबे भलत्याच ठिकाणी साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो.

आणि शत्रू म्हणजे उष्णता. दोन टोकांमध्ये प्लास्टिकचा अगदी पातळ पडदा असतो. तो साधारण १३० अंशांच्या आसपास वितळतो. पडदा गेला की शॉर्ट, शॉर्टमुळे आणखी उष्णता, आणि आतला द्रव पेट घेणारा. म्हणून एकदा सुरू झालेला प्रकार थांबवणे कठीण जाते. पुढचे सगळे नियम या दोन रेषा आणि उष्णता यांतूनच निघतात.

सेल घेताना

१. आकड्याला भुलू नका. १८६५० मापात चांगल्या कंपन्यांचे सेल साधारण २,००० ते ३,५०० मिलिअँपिअर-अवरचे असतात. वेष्टनावर ९,९०० लिहिले असेल तर ती शुद्ध थाप समजा.

२. वजन करून पाहा. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. तीस ग्रॅमच्या सेलमध्ये माल कमी आहे हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही, किराणा दुकानाचा काटा पुरतो.

३. संरक्षक सर्किट असलेला सेल घ्या. ते सर्किट दोन्ही रेषांवर पहारा करते. त्यामुळे सेल तीन-चार मिलिमीटर लांब होतो. टॉर्चमध्ये बसतो ना, ते दुकानातच पाहा.

४. भारतीय मानक ब्युरोची खूण, आय.एस. १६०४६ हा क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा.

५. नावावरून घोटाळा नको. १४५०० हा सेल पेन्सिल सेलएवढाच दिसतो, पण ३.७ व्होल्टचा असतो. साध्या टॉर्चमध्ये टाकला तर ती जळू शकते. लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेलची वरची रेषा ३.६५ व्होल्ट आहे, त्याला ४.२ चा चार्जर चालत नाही. आणि काही लिथियम सेल मुळात चार्जिंगचे नसतातच.

आता हिशेब. सेल २,६०० मिलिअँपिअर-अवरचा आणि टॉर्च ६५० मिलिअँपिअर घेणारी असेल तर प्रकाश चार तास. मंद प्रकाशात तीच टॉर्च २०० मिलिअँपिअर घेत असेल तर तेरा तास. म्हणून पाणी भरताना मंद, आणि लांबचे पाहायचे तेवढ्यापुरते प्रखर, अशी सवय घरच्यांना लावा. सोबत एक भरलेला सेल प्लास्टिकच्या डबीत असू द्या. खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर सुटा सेल कधीच नको. या सेलचे पूर्ण अंग म्हणजे ऋण टोक असते. वरचे रंगीत वेष्टन फाटले की शॉर्ट व्हायला एक किल्ली पुरते.

जुना सेल तपासताना

जुन्या लॅपटॉपमधून सेल काढून टॉर्चमध्ये टाकणारे आपल्यात बरेच आहेत. त्यांच्यासाठी हा छोटा प्रयोग. आधी मल्टिमीटर लावा. २.५ व्होल्टच्या खाली दिसला तर प्रयोग तिथेच संपला, सेल बाद. चांगला वाटला तर पूर्ण चार्ज करून व्होल्टेज लिहा, समजा ४.१५. मग ३.९ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर काही सेकंद जोडा आणि सेलच्याच टोकांवर पुन्हा मोजा, समजा ४.००. करंट झाला ४.०० भागिले ३.९, म्हणजे १.०३ अँपिअर. व्होल्टेज पडला ०.१५. म्हणजे आतला रोध सुमारे ०.१५ ओहम. नव्या चांगल्या सेलचा तो सहसा ०.१ ओहमच्या आत असतो. हा सेल थकलेला आहे. लॅपटॉपच्या सुट्या सेलवर संरक्षक सर्किट नसते हेही लक्षात ठेवा. दोन सेलच्या टॉर्चमध्ये जुना-नवा अशी जोडी तर मुळीच लावू नका; कमकुवत सेल आधी संपतो आणि दुसरा त्याच्यातून उलटा करंट ढकलतो.

होस्टेलमध्ये

चार्जिंग जागेपणी करा. गादीवर, उशीखाली नको, फरशीवर करा. बहुतेक सेलना ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात जातोच. तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत भर दुपारी चार्जिंग नको, पहाटे करा. सुट्टीत घरी जाताना सेल निम्मा भरलेला ठेवा आणि टॉर्चचे मागचे झाकण थोडे सैल करा, म्हणजे बॅगेत बटण दाबले जाणार नाही. वेष्टन फाटलेला, चेपलेला, गळणारा किंवा चार्जिंगला हाताला पोळणारा सेल वापरातून काढा.

धूर दिसलाच तर आधी मेन स्विच बंद, मग सगळे खोलीबाहेर आणि वॉर्डनना हाक. धूर विषारी असतो, तो हुंगत उभे राहू नका. वीज तोडल्यावर भरपूर पाणी ओतलेले चालते. सेल थंड होणे महत्त्वाचे, नाहीतर विझलेला पुन्हा पेटतो.

बाद सेल कचऱ्यात किंवा शेकोटीत टाकू नका. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तो परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा मल्टिमीटर बरोबर न्या आणि घरच्या टॉर्चचा सेल तपासा. शिकलेल्या विद्येचा एवढा उपयोग वावरातल्या माणसाला झालाच पाहिजे.