तुकडोजी महाराजांची खंजिरी आणि बेचाळीसचा लढा

क्रांतीच्या कवितेला परंपरेची चाल लाभली म्हणजे काय घडते, हे पाहण्यास विदर्भाबाहेर जावे लागत नाही. मे १९१६ मध्ये गोळ्या घालून ठार केलेले आयर्लंडचे पिअर्स, मॅक्डोना व प्लंकेट हे कवीच होते. पण त्यांच्या कवितांना पुढे इतरांनी चाली लावल्या. तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) मात्र स्वतःच पद रचीत आणि स्वतःच ते खंजिरीवर गात.

या भजनाचे मर्म मला त्याच्या घडणीत दिसते. ध्रुपद सोपे असते; गाणारा ओळ म्हणतो, मागचे ती उचलतात. निरक्षर शेतकरीही दोन आवर्तनांत गायक होतो. ऐकणाराच गाऊ लागला की विचार त्याचा स्वतःचा होतो. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर पेटले. त्यानंतर सरकारने महाराजांना अटक करून नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवले. भजनाचे सामर्थ्य सरकारने ओळखले होते, असेच म्हणावे लागेल.

२००५ पासून नागपूर विद्यापीठाला महाराजांचे नाव आहे. मी पाहिलेल्या संमेलनांत मात्र ही पदे एकटा गायक ध्वनिक्षेपकावर गातो आणि आपण टाळ्या वाजवितो. अशा वेळी चाल उरते, भजन हरवते. ध्रुपद सभागृहाने उचलले पाहिजे. अभ्यासाचा आरंभ तेथूनच व्हावा.