निरोप अर्धवट का तुटतो? संगणकावरच्या आन्सरिंग मशीनची तपासणी



लँडलाइनची वायर व्हॉइस मोडेमला जोडली आणि त्याचं सॉफ्टवेअर टाकलं, की संगणकच आन्सरिंग मशीन होतो. कार्यालय बंद असताना तो फोन उचलतो, आपली सूचना ऐकवतो आणि बीपनंतर निरोप रेकॉर्ड करतो. पण कधी कधी निरोप मध्येच तुटतो. "बाई, पोराला ताप आहे, उद्या त्याला..." पुढे काहीच नाही. उद्या पाठवणार नाहीत, की दुपारी औषध द्यायचं आहे? अर्धा निरोप जास्त धोक्याचा, कारण उरलेला अर्धा आपण मनानेच पूर्ण करतो.

लगेच सेटिंग बदलू नका. आधी तुटलेले चार-पाच निरोप ऐका आणि वहीत लिहा: किती सेकंदांनी तुटला? त्याआधी काय ऐकू येत होतं? कारण बहुधा तिथेच सापडतं.

१) दरवेळी ठरावीक सेकंदाला तुटतो
निरोपाची कमाल वेळ कमी ठेवलेली असते. ती २-३ मिनिटं करा. जागेची काळजी नको. फोनच्या दर्जाच्या साध्या रेकॉर्डिंगमध्ये सेकंदाला ८००० नमुने घेतात. प्रत्येकी १ बाइट धरला, तर मिनिटाला ४,८०,००० बाइट होतात, म्हणजे अर्ध्या एमबीपेक्षाही कमी. (हे गणित मुलांकडून करून घ्या.)

२) बोलणारा थांबला की तुटतो
पहिला संशय इथेच घ्यावा. मशीनला बोलणं कळत नाही, फक्त आवाजाची पातळी कळते. पातळी काही सेकंद खाली राहिली, की फोन ठेवला असं ते धरून चालतं. मग चष्मा शोधणारे आजोबा किंवा कागदावरचा नंबर वाचणारी आई मध्येच कापली जाते. 'सायलेन्स डिटेक्शन'ची वेळ ८-१० सेकंद करा. हळू आवाजही तुटत असेल, तर संवेदनशीलता बदलून बघा. हे सेटिंग पूर्ण बंद केलं, तर फोन ठेवल्यावरही रिकामं रेकॉर्डिंग चालू राहू शकतं. उत्तर आठवणाऱ्या मुलाला वर्गात आपण थोडा वेळ देतो, तसंच हे.

३) शब्दाच्या मध्येच तुटतो, तेही ठरावीक आवाजांचाच
फोनचं प्रत्येक बटण दोन स्वर एकत्र वाजवतं. ५ चं बटण म्हणजे ७७० आणि १३३६ हर्ट्‌झ. बोलण्यातही क्षणभर अशी जोडी येऊ शकते आणि सॉफ्टवेअरला वाटतं, बटण दाबलं. बटणांनी मशीन चालवायची सोय लागत नसेल, तर ती बंद करा. मोडेमच्या सेटिंगमध्ये देश 'भारत' आहे ना, तेही बघा. आपला एंगेज टोन ४०० हर्ट्‌झचा, तर अमेरिकेतला ४८० आणि ६२० हर्ट्‌झ मिळून असतो. देश चुकला, तर फोन ठेवल्याची खूण ओळखण्यात घोळ होतो.

४) कधीही तुटतो, आवाज अडखळतो
इथे संगणक किंवा लाइन तपासा. संगणक झोपी जाणं (स्लीप मोड) बंद करा. अँटीव्हायरसच्या तपासणीची वेळ बदला. डिस्कवरची जागा, मोडेमचा ड्रायव्हर आणि वायरचे जोड पाहा. साधा फोन लावून ऐका. त्यातही खरखर असेल, तर दोष लाइनचा.

कृती
मुलांना तीन चाचणी फोन करायला सांगा:
अ) दीड मिनिट सलग पाढे म्हणणे.
आ) मध्ये ५ सेकंद थांबून बोलणे.
इ) तेच वाक्य तीन वेगळ्या आवाजांत बोलणे.
निकाल तक्त्यात लिहा. मग एकच सेटिंग बदला आणि तिन्ही फोन पुन्हा करा. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाने आला ते कळत नाही. विज्ञानाच्या प्रयोगाचाही हाच नियम आहे.

दुरुस्ती होईपर्यंत सूचनेत एवढं घाला: "आधी मुलाचं नाव, इयत्ता आणि काम सांगा, मग बाकीचं बोला." आणि तुटलेला निरोप दिसला, की अंदाज न करता त्या घरी फोन लावाच.