सहा सूत

पुण्यातल्या एका ऑफिसच्या मजल्यावर आमचं एसीचं डक्टिंग चालू होतं. 1200 बाय 400 मिलिमीटरचा डक्ट, 22 गेजचा जीआय पत्रा, टीडीएफ फ्लँज. एक टोळी एएचयूच्या, म्हणजे हवा गार करून डक्टमध्ये सोडणाऱ्या यंत्राच्या, खोलीतून निघाली, दुसरी कॉरिडॉरच्या टोकाकडून. मध्ये गाठ पडली तेव्हा डावीकडचे दोन कोपरे बरोबर जुळले, उजवीकडचे सहा सूत खाली. दुसऱ्या दिवशी फॉल्स सीलिंगवाले यायचे होते. मी म्हणालो, "ओढा."

क्लॅम्प लावून फ्लँज ओढला, कोपऱ्याचे बोल्ट कसेबसे घातले, क्लीट ठोकल्या, वरून भरपूर सीलंट फासलं. इन्सुलेशन चढलं आणि सगळं छान दिसू लागलं.

जुलैत सीलिंगवर पिवळे डाग आले, मग थेंब. क्लायंटने आधी प्लंबरला धरलं. पाइप मात्र कोरडा होता. ताणलेल्या सांध्यात गॅस्केट दुमडून फट राहिली होती. तिच्यातून 13-14 अंशांची हवा झिरपून फ्लँज आणि वरचं इन्सुलेशन गार करत होती. पावसाळी हवेला एवढा गारवा पुरतो. तिच्यातलं पाणी तिथेच सुटतं. सीलिंग उतरवलं, इन्सुलेशन फाडलं, सांधा उघडला. खर्च अर्थातच आमचा.

उघडल्यावर कळलं की दोष त्या सांध्यात नव्हताच. दोन तुकडे मागे एक डक्ट गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हता. टेंपोत त्याच्यावर इतर तुकडे रचून आणले होते, त्याने तो कलला होता. या मापाच्या डक्टचे दोन्ही कर्ण 1265 मिलिमीटर यायला हवेत. एक 1271 होता, दुसरा 1259. फरक फक्त 12 मिलिमीटरचा, पण 1200 च्या रुंदीवर तो दुसऱ्या कोपऱ्यात 19 मिलिमीटर होऊन बसतो. हेच ते सहा सूत. टेपने कर्ण मोजायला एक मिनिट लागतं, आणि ते मिनिट मी वाचवलं होतं.

म्हणून आता सांधा जुळत नसेल तर मी पाना खाली ठेवायला लावतो. एएचयूपासून मागोवा घ्यायचा: प्रत्येक सपोर्टवर लेव्हल, प्रत्येक तुकड्याचे कर्ण. सपोर्ट चुकला असेल तर रॉडचा नट फिरवून डक्ट वर-खाली करता येतो. तुकडा कलला असेल तर शेजारचे सांधे सैल करून लांब कर्णाच्या दिशेने पट्टा बांधायचा, कर्ण सारखे होईपर्यंत आवळायचा आणि तसाच ठेवून बोल्ट घालायचे. चारही बोल्ट आधी सैल, मग समोरासमोरचे थोडे थोडे कसायचे. भोक जुळलं का हे बोटाने चाचपू नका. डक्ट घसरला तर पत्रा विळ्यासारखा चालतो. टोकदार शेपटीचा पाना त्यासाठीच असतो.

एवढं करूनही फरक उरला तर मोजून ऑफसेटचा नवा तुकडा बनवून घ्या. एएचयूच्या तोंडाशी लावलेलं कॅनव्हास वाकडेपणा लपवायला नसतं, ते कंपन तोडायला असतं; तिरकं ताणलं की फाटतं. दोन टोळ्या समोरासमोर येणार असतील तर मधला शेवटचा तुकडा वर्कशॉपमध्ये आधी बनवूच नका. गाठ पडली की जागेवर माप घ्या आणि मगच पत्रा कापा. मालक कुरकुरतात, "अर्धा दिवस जाईल" म्हणतात. जाऊ द्या.

आणि इन्सुलेशनवाल्याला बोलावण्याआधी मजल्यावरचे दिवे बंद करून डक्टमध्ये एक प्रखर बल्ब फिरवा. जिथून उजेड दिसेल, तो सांधा त्याच दिवशी उघडा.